अपडेट बंद केल्याने ताईचा लॅपटॉप वेगवान झाला नाही

ऐन आंब्याच्या हंगामात देवगडला ताईकडे गेले, तेव्हा पडवीत पेट्या रचून तयार होत्या, टेम्पोवाला फाटकाशी खोळंबला होता आणि ताई लॅपटॉपसमोर हताश बसली होती. पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांची यादी, पेट्यांचा हिशेब आणि पावत्या हे सारे ती एक्सेलमध्ये ठेवते. लॅपटॉप मंद झाला म्हणून बागायतदारांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आलेला एक संदेश तिने अक्षरशः पाळला होता आणि त्यानंतर तो अधिकच अडखळू लागला होता. दोन दिवसांनी तोच संदेश माझ्या मेव्हण्यांनी पाठवला आणि आठवड्याभरात तो आमच्या शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या गटावरही आला. मी कुडाळला संगणकाचे वर्ग घेते. माझ्याच घरात हे घडल्यानंतर गप्प राहणे मला शक्य नाही.

त्या संदेशात सहा गोष्टी सांगितल्या आहेत. मायक्रोसॉफ्ट ऑफिस (वर्ड, एक्सेल वगैरे) आणि विंडोजची अपडेट संगणक मुद्दाम मंद करण्यासाठी असतात, म्हणून ती कायमची बंद करावीत. हॅकर फक्त परदेशातील मोठ्या कंपन्यांच्या मागे असतात, आपल्याला भीती नाही. अँटिव्हायरस वेग खातो, म्हणून तो बंद करून सोबतच्या लिंकवरून ऑफिस ‘आयुष्यभरासाठी फुकट’ सुरू करून घ्यावे. रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही) साफ करणारे सॉफ्टवेअर रोज चालवावे. प्रीफेच फोल्डर रिकामे करावे. आणि दर तासाला डेस्कटॉपवर दहा वेळा रिफ्रेश करावे.

पहिल्या मुद्द्यात तथ्याचा एक कण आहे आणि तो मला नाइलाजाने मान्य करावा लागतो. अपडेट उतरत असताना आणि बसत असताना डिस्क व इंटरनेट दोन्ही त्यात गुंतलेले असतात; रेंज मिळावी म्हणून फोन खिडकीत ठेवून हॉटस्पॉटवर काम करणाऱ्या घरात तेवढ्या वेळात साधी पावतीही पाठवता येत नाही. क्वचित अपडेटच सदोष निघते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका चुकीच्या अपडेटने जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले. पण यावर अपडेट कायमची बंद करणे हा उपाय नव्हे. विंडोजमध्ये ती पाच आठवड्यांपर्यंत पुढे ढकलता येतात, ‘अ‍ॅक्टिव्ह अवर्स’ ठरवून दिल्यास कामाच्या वेळेत संगणक आपोआप रीस्टार्ट होत नाही, आणि हॉटस्पॉटचे कनेक्शन ‘मीटर्ड’ (मोजून वापरायचे) म्हणून नोंदवल्यास बहुतेक अपडेट विचारल्याशिवाय उतरत नाहीत. पावसाळ्यात आमच्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, तेव्हा लॅपटॉपची बॅटरी भरलेली असतानाच अपडेट बसवावे, एवढी काळजी मात्र जरूर घ्यावी.

अपडेटच्या आत काय असते, हे संदेश लिहिणाऱ्याने कधी पाहिलेले दिसत नाही. वर्डमध्ये गणिती समीकरणे लिहिण्यासाठी ‘इक्वेशन एडिटर’ नावाचा एक भाग होता. तो नोव्हेंबर २००० मध्ये तयार झाला आणि पुढची सतरा वर्षे जवळजवळ तसाच ऑफिसबरोबर येत राहिला. त्यात अशी त्रुटी सापडली की, विशिष्ट रीतीने बनवलेली फाइल नुसती उघडली तरी पाठवणाऱ्याच्या मनात असेल तो प्रोग्राम उघडणाऱ्याच्या संगणकावर चालू शकत असे. त्यासाठी मॅक्रोला (फाइलमध्येच दडलेल्या छोट्या प्रोग्रामला) परवानगी देण्याचीही गरज नव्हती. मायक्रोसॉफ्टने १४ नोव्हेंबर २०१७ रोजी अपडेट देऊन ती बुजवली आणि जानेवारी २०१८ मध्ये तो भागच ऑफिसमधून काढून टाकला. ज्यांनी अपडेट घेतली, त्यांच्यापुरता तो विषय तेथेच संपला. ज्यांनी घेतली नाहीत, त्यांचे काय झाले ते १२ मे २०२० रोजी अमेरिकेची सायबर सुरक्षा संस्था ‘सीसा’ आणि एफबीआय यांनी प्रसिद्ध केलेल्या यादीत दिसते. २०१६ ते २०१९ या काळात सर्वाधिक गैरवापर झालेल्या दहा त्रुटींची ही यादी आहे आणि तिच्यात इक्वेशन एडिटरची त्रुटी अग्रभागी आहे. त्याच यादीत ऑफिसला बाधणारी आणखी एक त्रुटी आहे, जिची दुरुस्ती २०१२ मध्येच उपलब्ध झाली होती; तरीही २०१९ च्या डिसेंबरपर्यंत तिचा वापर करून संगणकांत शिरकाव होत होता. इतकी वर्षे ती वाट उघडी राहिली, कारण असंख्य संगणकांवर ती दुरुस्ती कोणी बसवलीच नव्हती.

आता ताईचे काम पाहा. हंगामात तिला रोज अनोळखी व्यापाऱ्यांचे ईमेल येतात, ‘ऑर्डर सोबत जोडली आहे’ एवढाच मजकूर असतो आणि खाली वर्डची फाइल असते. ती प्रत्येक फाइल उघडते, कारण न उघडल्यास गिऱ्हाईक दुसऱ्या बागेकडे वळेल. जिचा धंदाच अनोळखी माणसांच्या फाइली उघडण्यावर चालतो, तिला अपडेट बंद करण्याचा सल्ला देणे हे मला अक्षम्य वाटते.

‘आपल्यासारख्या लहानांच्या मागे कोण लागणार’ या दुसऱ्या मुद्द्याला उत्तर शोधायला कोकणाबाहेर जाण्याचीही गरज नाही. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ या घातक प्रोग्रामच्या साह्याने युक्रेनवर हल्ला करण्यात आला आणि त्याच्या झळीने रायगड जिल्ह्यात, उरणजवळच्या न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. त्या टर्मिनलवर कोणी नेम धरला नव्हता. ते चालवणाऱ्या जागतिक कंपनीच्या जाळ्यातून तो प्रोग्राम तेथे पोहोचला. हा प्रोग्राम युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच आत शिरला होता, हेही मी लपवत नाही, कारण समोरच्याच्या बाजूची ही खरी गोष्ट आहे. पण आत शिरल्यावर पसरण्यासाठी त्याने ज्या वाटा वापरल्या, त्यांपैकी एक वाट मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजीच, म्हणजे तीन महिने आधी, अपडेट देऊन बंद केली होती. असा प्रोग्राम समोरचा लहान आहे की मोठा हे पाहत नाही. त्याला उघडे दार मिळाले की पुरते.

सर्वांत घातक आहे तो तिसरा मुद्दा आणि ताईचे खरे नुकसान त्यानेच केले. लिंकवरून उतरणारा, ऑफिस फुकट चालू करून देणारा ‘अ‍ॅक्टिव्हेटर’ चालवण्यापूर्वी अँटिव्हायरस बंद करा, असे संदेशात ठळक अक्षरांत लिहिले आहे. बागेतील राखणदाराला आठ दिवस गावी पाठवा, मगच आम्ही आंबे उतरवायला येऊ, असे कोणी सांगितले असते, तर ताईने त्याला फाटकाच्या आत पाऊल टाकू दिले नसते. संगणकाच्या बाबतीत तिने ते ऐकले, कारण संदेश ओळखीच्या माणसाकडून आला होता. अशा अ‍ॅक्टिव्हेटरांमध्ये ‘केएमएसपिको’ हे नाव फार पसरलेले आहे. त्याच्या नावाने फिरणाऱ्या इन्स्टॉलरमध्ये ‘क्रिप्टबॉट’ नावाचा चोरटा प्रोग्राम दडवलेला असल्याचे डिसेंबर २०२१ मध्ये उघड झाले. तो ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि कार्डांचे तपशील गोळा करून बाहेर पाठवतो. ताईच्या ब्राउझरमध्ये बँकेचा पासवर्ड साठवलेला होता. ऑफिससाठी पैसे खर्च करायचे नसतील तर लिब्रेऑफिस विनामूल्य आहे, तिच्या एक्सेलच्या फाइली त्यात उघडतात, आणि त्यासाठी कोणताही राखणदार हटवावा लागत नाही.

उरलेले तीन मुद्दे थोडक्यात संपवते. रिफ्रेश केल्याने डेस्कटॉपवरील चिन्हे नव्याने आखली जातात. त्याने रॅम (संगणकाची कामापुरती स्मृती) मोकळी होत नाही. प्रीफेच फोल्डर विंडोजने प्रोग्राम लवकर उघडावेत म्हणूनच ठेवलेले असते. ते रिकामे केले की पुढच्या खेपेस प्रोग्राम उलट हळू उघडतात. रजिस्ट्री साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरला आपला पाठिंबा नाही, हे मायक्रोसॉफ्टने स्वतः लिहून ठेवले आहे.

मग लॅपटॉप मंद का झाला होता? हे पाहण्यासाठी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडला, तेव्हा प्रोसेसर आणि रॅम बऱ्यापैकी रिकामे होते, परंतु डिस्कच्या रकान्यात शंभर टक्के दिसत होते. ताईच्या लॅपटॉपमध्ये अजूनही फिरणारी हार्ड डिस्क होती. ती जागोजागी विखुरलेल्या लहान लहान फाइली वाचताना फार मागे पडते. तळाची जाळी उघडली तर पंख्यावर धुळीचा ओलसर थर बसलेला होता. हवा खेळत नसली की प्रोसेसर तापतो आणि जळू नये म्हणून स्वतःचा वेग कमी करतो; खाऱ्या, दमट हवेत हे लवकर घडते आणि येथील दुरुस्तीवाल्यांना ते पाठ असते. आम्ही हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) बसवली, पंखा साफ केला, आणि अ‍ॅक्टिव्हेटरचा डाग पुसण्यासाठी विंडोज नव्याने घातले.

तरीही हिशेबाची फाइल मात्र अडखळत राहिली. एक्सेल सेफ मोडमध्ये, म्हणजे कंट्रोल बटण दाबून धरून उघडले, तरी फरक पडला नाही. म्हणजे दोष अ‍ॅड-इनचा, म्हणजे एक्सेलला वरून जोडलेल्या आणि सेफ मोडमध्ये बंद राहणाऱ्या प्रोग्रामांचा, नव्हता. कंट्रोल आणि एंड दाबताच कर्सर थेट १०,४८,५७६ व्या ओळीवर गेला. एक्सेलच्या पानात याहून अधिक ओळी नसतात, आणि ताईच्या नोंदी जेमतेम दोन हजार. दर हंगामात जुने पान तसेच उचलून नवे करताना रंगांचे नियम आणि सूत्रे तळापर्यंत पसरली होती, आणि जोडीला जागोजागी ऑफसेट आणि टुडे ही सूत्रे होती, जी पानावरील कोणत्याही एका चौकटीत आकडा बदलला की पुन्हा हिशेब करायला लागतात. रिकाम्या ओळी निवडून त्या पूर्णपणे काढल्या, फाइल जतन केली, आणि पाच मिनिटे लागणारे काम काही सेकंदांत होऊ लागले. यातील एकाही दोषाचा अपडेटशी संबंध नव्हता.

ऑफिसची अपडेट आम्ही फाइल, अकाउंट, अपडेट ऑप्शन्स या मार्गाने पुन्हा सुरू केली आणि अँटिव्हायरसही परत लावला. ज्यांनी ती लिंक उघडून अ‍ॅक्टिव्हेटर चालवला असेल, त्यांनी तो संगणक आधी इंटरनेटपासून तोडावा, बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड दुसऱ्या, खात्रीच्या उपकरणावरून बदलावेत, बँकेला कळवावे, आणि खात्यातून पैसे गेलेले दिसले तर तत्काळ १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. ताईने हे चार ओळींत लिहून बागायतदारांच्या गटावर टाकले, तेव्हा संध्याकाळपर्यंत तिघांनी फोन करून आपणही ती लिंक उघडल्याचे सांगितले.