जीनची यादी वाचून आयुष्य सांगता येतं का? गर्भाशयमुखाच्या कॅन्सरबद्दलच्या एका व्हायरल दाव्याची झाडाझडती

सध्या एक मजकूर ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. त्याचा गोषवारा असा: गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये प्रतिकारपेशींचे काही ठरावीक जीन शास्त्रज्ञांना सापडलेत. त्यांची एक रक्ततपासणी केली की पेशंट किती जगेल ते अचूक कळतं. ज्यांचे जीन ‘चांगले’ त्यांना केमो-रेडिएशनची गरजच नाही. बाकीच्यांनी प्रतिकारशक्ती वाढवावी. आणि डॉक्टर हे मुद्दाम सांगत नाहीत.

यातलं पहिलं वाक्य निम्मं खरं आहे, आणि त्याच्या जोरावर बाकीची खपून जातात.

खरं काय ते आधी. या कॅन्सरच्या जवळपास सगळ्या केसेसच्या मुळाशी एचपीव्ही हा विषाणू असतो. 16 आणि 18 हे त्याचे दोन प्रकार मिळून साधारण 70 टक्के केसेसना जबाबदार. विषाणूची ई6 आणि ई7 ही प्रथिनं गाठीतल्या पेशी सतत तयार करत राहतात. ती शरीराच्या दृष्टीने परकी, त्यामुळे प्रतिकारपेशींना ओळखायला सोपी. एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांमध्ये हा कॅन्सर होण्याची शक्यता सुमारे सहापट असते, ती उगाच नाही. तेव्हा गाठीत प्रतिकारपेशी किती आणि कोणत्या, याचा पुढच्या वाटचालीशी संबंध आहे, यावर वाद नाही. वाद त्यापुढच्या उड्यांवर आहे.

“रक्त तपासलं की जीन चांगले की वाईट ते कळतं”

नाही. या अभ्यासांमध्ये बहुतेक वेळा गाठीचा तुकडा तपासतात, रक्त नव्हे. आणि मोजतात ते आईवडिलांकडून आलेले जीन नव्हेत, तर त्या तुकड्यात कोणता जीन किती ‘चालू’ आहे ते, म्हणजे त्याच्या आरएनएचं (जीन चालू असताना पेशी काढते त्या त्याच्या प्रतीचं) प्रमाण. सीडी8ए हा जीन शरीराच्या प्रत्येक पेशीत असतो. तो जोरात चालतो मुख्यतः मारेकरी टी-पेशींमध्ये, म्हणजे बिघडलेल्या पेशी ओळखून मारणाऱ्या प्रतिकारपेशींमध्ये; त्यांनाच सीडी8 पेशी म्हणतात. आकडा मोठा आला याचा अर्थ इतकाच, की त्या तुकड्यात अशा पेशी जास्त होत्या. घराण्यात काय चालत आलंय याच्याशी त्याचा संबंध नाही.

“प्रतिकारपेशींचे जीन जास्त म्हणजे आयुष्य जास्त”

इथे जरा थांबायला हवं, कारण सगळी गोम इथेच आहे.

मायक्रोस्कोपखाली ठेवलेल्या, गाठीच्या तुकड्यांच्या दोन स्लाइड डोळ्यांसमोर आणा. दोन्हींत कॅन्सरच्या पेशींची बेटं आणि त्यांच्याभोवती आधाराची ऊती. पहिल्या स्लाइडमध्ये छोट्या, गडद केंद्रकाच्या टी-पेशी बेटांच्या आत घुसल्यात, कॅन्सरच्या पेशींना अगदी खेटून बसल्यात. दुसरीत तितक्याच टी-पेशी आहेत, पण सगळ्या बाहेरच्या ऊतीत अडकलेल्या; बेटाच्या आत एकही नाही. आता दोन्ही तुकडे बारीक कुटून आरएनए काढा. सीडी8एचा आकडा सारखाच येईल. गाठीवरचा परिणाम मात्र सारखा नसतो. गर्भाशयमुखाच्या गाठींवरच्या कामातही बेटांच्या आत शिरलेल्या सीडी8 पेशींचा संबंध लिम्फ नोडमध्ये (लसिकाग्रंथींमध्ये) प्रसार नसण्याशी दिसला आहे. कुटलेल्या तुकड्यातून ही जागा कळत नाही. सायबरसॉर्टसारखं सॉफ्टवेअर 22 प्रकारच्या प्रतिकारपेशींचं प्रमाण काढून देतं, पण तोही मिश्रणावरून बांधलेला अंदाज आहे. पेशी कुठे बसली होती ते त्यालाही माहीत नसतं.

शिवाय ‘चांगला जीन, वाईट जीन’ ही वाटणीच बाळबोध आहे. फॉक्सपी3 हा इतर टी-पेशींना आवर घालणाऱ्या पेशींचा जीन. म्हणजे वाईट? पण जिथे टी-पेशींची गर्दी, तिथे आवर घालणाऱ्याही जास्त येतात. त्यामुळे काही डेटामध्ये हाच जीन चक्क चांगल्या निकालाच्या बाजूला दिसतो. एकट्या आकड्यापेक्षा सीडी8 आणि फॉक्सपी3 यांचं एकमेकांशी प्रमाण जास्त बोलकं असतं. पीडी-एल1चंही तसंच. तो टी-पेशींचा ब्रेक, पण टी-पेशींनीच सोडलेल्या इंटरफेरॉन-गॅमा या संदेश-प्रथिनामुळे तो वाढतो. म्हणजे ब्रेक लागलेला दिसतोय, कारण गाडी तिथवर पोचली होती. त्यातच या कॅन्सरच्या अनेक गाठी आपल्या पृष्ठभागावरचे एचएलए रेणू, म्हणजे आतल्या प्रथिनांचे तुकडे टी-पेशींना दाखवणारे रेणू, कमी करतात. मग टी-पेशी शेजारी असूनही तिला ओळखायला काही उरत नाही.

“ठरावीक जीनांवरून अचूक भाकीत होतं”

असा ‘रिस्क स्कोअर’ बनतो कसा ते पाहू. बहुतेक वेळा टीसीजीए या सार्वजनिक संग्रहातला डेटा घेतात. त्यात या कॅन्सरच्या सुमारे 300 गाठी आहेत आणि तुलनेसाठी निरोगी ऊतीचे नमुने अवघे 3. शेकडो प्रतिकार-जीन संगणकात टाकतात. लासो नावाची पद्धत त्यांतून मूठभर निवडते, प्रत्येकाला एक वजन देते, वजन गुणिले आकडा अशी बेरीज होते. मग पेशंटची यादी स्कोअरनुसार मधोमध कापून दोन गट करतात: जास्त धोका, कमी धोका. दोन्ही गटांतल्या किती जणी हयात आहेत ते दाखवणाऱ्या दोन रेषा एकमेकींपासून दूर जातात, पी-व्हॅल्यू (असा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता) छान येते, पेपर छापून येतो.

आता साधा हिशोब. माणसात प्रथिनं बनवणारे जीन साधारण 20,000. कशाचाच कशाशी संबंध नसता, तरी 5 टक्क्यांच्या निकषावर त्यांतले हजारभर जीन निव्वळ योगायोगाने ‘महत्त्वाचे’ ठरतील. यावर दुरुस्त्या असतात, चांगले संशोधक त्या करतातही. तरीही प्रत्येक पेपरची यादी वेगळी निघते, आणि त्याचं कारण फसवणूक नव्हे. टी-पेशींचे जीन कळपाने वर-खाली होतात. लासो कळपातला एक उचलतो, बाकीचे सोडतो. चार पेशंट बदलले की दुसरा उचलतो. यादी नवी दिसते, सांगणं जुनंच असतं: गाठीत टी-पेशी होत्या.

2011 साली व्हेने, दुमाँ आणि देतूर यांनी स्तनाच्या कॅन्सरसाठी छापून आलेल्या 47 जीन-याद्या घेतल्या आणि तेवढ्याच लांबीच्या, चिठ्ठ्या टाकून काढलेल्या याद्यांशी ताडून पाहिल्या. 28 याद्या चिठ्ठ्यांपेक्षा लक्षणीयरीत्या सरस ठरल्या नाहीत. जेवणानंतर हसण्याचा शरीरावर काय परिणाम होतो, या अभ्यासातली जीन-यादीसुद्धा कॅन्सरच्या निकालाशी ‘संबंधित’ निघाली! स्तनाच्या कॅन्सरमध्ये यामागे पेशींच्या वाढीचा वेग होता. दुसऱ्या अवयवात कारण दुसरं असेल, पण हा सापळा सगळीकडे असतो.

‘अचूक’ या शब्दाचंही बघा. अशा पेपरांत एयूसी नावाचा आकडा देतात. तो 0.70 असेल तर याचा अर्थ 70 टक्के अचूक असा नाही. ठरलेल्या मुदतीत दगावलेली एक आणि हयात असलेली एक अशा दोघी घेतल्या, तर दगावलेलीचा स्कोअर जास्त असण्याची शक्यता 70 टक्के. नाणं उडवलं तरी 50 मिळतात. समोर बसलेली बाई किती जगेल, हे त्यातून निघत नाही.

दुसरीकडे जुनी, कंटाळवाणी माहिती भक्कम आहे. अमेरिकेतल्या नोंदींनुसार कॅन्सर गर्भाशयापुरता असताना निदान झालं तर पाच वर्षांनंतर हयात असण्याचं प्रमाण 90 टक्क्यांच्या आसपास असतं, दूरवर पसरल्यावर ते 20च्या आसपास येतं. लिम्फ नोडचं महत्त्व इतकं, की फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या 2018च्या वर्गवारीत त्यासाठी 3सी हा वेगळा टप्पाच केला. नव्या स्कोअरने यात काय भर घातली, हा खरा प्रश्न. अनेक पेपर तो ओझरता सोडवतात.

“जीन चांगले असतील तर केमो-रेडिएशन नको”

हा या मजकुरातला सर्वात घातक भाग. ‘कुणाची वाटचाल बरी’ हे एक, आणि ‘कुणाला कोणता उपचार लागू पडतो’ हे दुसरं. टी-पेशींनी भरलेल्या गाठीच्या पेशंट जास्त जगल्या, हे ज्या डेटात दिसलं त्यातल्या बहुतेकींनी शस्त्रक्रिया, रेडिएशन, केमो यांतलं काही ना काही घेतलेलं होतं. उपचार काढून घेतल्यावर काय झालं असतं, ते त्या डेटात नाही.

उपचार ठरवायला प्रतिकाराशी निगडित खूण अजिबात वापरात नाही असं नाही. पीडी-एल1चा सीपीएस स्कोअर वापरतात. तो पीडी-एल1 असलेल्या गाठीच्या पेशींबरोबर लिम्फोसाइट आणि मॅक्रोफेज या प्रतिकारपेशीही धरतो, पण जीनच्या यादीवरून नव्हे. पॅथॉलॉजिस्ट रंगवलेली स्लाइड मायक्रोस्कोपखाली बघून काढतो. बरा न झालेल्या, परत आलेल्या किंवा पसरलेल्या कॅन्सरमध्ये केमोला पेम्ब्रोलिझुमॅब या ब्रेक सोडवणाऱ्या औषधाची जोड दिलेल्या कीनोट-826 चाचणीत सगळ्या पेशंट मिळून मध्यक आयुर्मान (निम्म्या पेशंट ज्याहून जास्त जगल्या तो काळ) 24.4 महिने झालं, जोड नसताना 16.5. सीपीएस 1च्या खाली असलेल्यांत फायदा दिसला नाही. आणि बघा, तिथेही औषध केमोच्या जोडीला दिलं, केमोऐवजी नाही. कीनोट-ए18मध्ये तेच औषध केमो-रेडिएशनच्या जोडीला दिलं. 36 महिन्यांनी हयात 82.6 टक्के, जोड नसताना 74.8. पेशंट निवडल्या टप्पा आणि लिम्फ नोड बघून. जवळपास तशाच परिस्थितीत ड्युरव्हालुमॅब हे दुसरं औषध वापरलेल्या काला चाचणीला मुख्य उद्दिष्ट गाठता आलं नाही. कागदावर दोन्ही औषधं एकाच ब्रेकवर काम करणारी. कागदावरचा तर्क आणि पेशंट यांच्यातलं अंतर एवढं असतं.

“प्रतिकारशक्ती वाढवा”

काढे आणि गोळ्यांनी टी-पेशी गाठीच्या बेटांत शिरतात, असा पुरावा नाही. पुढे जायला हरकत नाही.

“डॉक्टर सांगत नाहीत”

कारण सांगण्याजोगी चाचणी अजून तयार नाही. उद्या कुणी असा रिपोर्ट हातात ठेवला, तर त्याला विचारा: स्कोअरचं सूत्र आणि धोक्याची रेषा आधीच पक्की केली होती, की निकाल बघून आखली? ज्या पेशंटवर तो बनवला, त्यांच्याशी संबंध नसलेल्या गटावर तो टिकला का? या कॅन्सरच्या स्क्वॅमस आणि ॲडेनो या दोन प्रकारांत वेगवेगळा तपासला का? टप्पा, गाठीचा आकार आणि लिम्फ नोड माहीत असताना तो नवीन काय सांगतो? आणि त्यावरून उपचार बदलून कुणाला फायदा झाल्याचं एखाद्या चाचणीत दिसलंय का?