नववा गोळा

‘गुरूला खड्डे नसतात. सुबकतेकडे लक्ष द्यावे.’ शेरा लेकीच्या डायरीत आहे, पण तो मला आहे हे बाईंना, लेकीला आणि मला, तिघांनाही ठाऊक आहे. खाली सही केली. करतो काय!

28 फेब्रुवारी म्हणजे विज्ञान दिन. रामन यांनी 1928 साली त्या दिवशी आपला शोध जाहीर केला, म्हणून तिसरीतल्या मुलांना विज्ञानाची गोडी लागायला हवी, म्हणून सूर्यमाला करून आणायची, म्हणून मी 27 ला रात्री साडेनऊला स्टेशनरीच्या दुकानात.

काकांनी मान वर न करता पाकीट टाकलं. एक मोठा आणि नऊ छोटे थर्माकोलचे गोळे.

‘काका, ग्रह आठच. प्लूटोला 2006 मध्ये काढला.’

‘कुणी?’

‘प्रागला खगोलशास्त्रज्ञांची सभा झाली, त्यात.’

‘इकडे कुणी कळवलं नाही. माल वरून नऊचाच येतो.’

‘मग आठच द्या.’

‘सेट फुटत नाही. आणि काय हो, नवग्रह म्हणतात ना? नवग्रहांची पूजा घालता तेव्हा आठ सुपाऱ्या मांडता?’

‘त्या नवात पृथ्वी नसते. सूर्य-चंद्र असतात, राहू-केतू असतात.’

काकांनी बोटांवर हिशेब केला. ‘मग अजून दोन-तीन गोळे लागतील. सुटे देतो.’

मागे रांगेत पेन्शनर आजोबा होते, एका रिफिलसाठी आलेले. ते म्हणाले, ‘आठाचं नाव काढू नका. बासष्टच्या फेब्रुवारीत अष्टग्रही झाली होती, आठ ग्रह एकाच राशीत. जग बुडणार म्हणून लोक होमहवनाला बसले होते. तुम्ही तेच पोरीच्या हाती शाळेत पाठवताय?’

मी नऊ गोळे घेतले.

खरं सांगायचं तर त्या पाकिटातलं काहीच खरं नव्हतं. पृथ्वी दोन मिलिमीटरची मोहरी धरली तर सूर्य फुटबॉलएवढा होतो आणि दोघांत साडेतेवीस मीटर अंतर पडतं. नेपच्यून सातशे मीटरवर, म्हणजे आमच्या रिक्षा स्टँडच्याही पलीकडे. शाळेने पुठ्ठा मागितला होता दीड फुटाचा.

रात्री अकराला स्प्रेचा डबा काढला. गुरूवर फवारला आणि गुरू चुरचुरत आत खचायला लागला. मी डोक्याला हात लावला. लेक मात्र पहिल्यांदाच त्या पुठ्ठ्याजवळ आली. ‘बाबा, तो विरघळतोय? पाण्याच्या रंगाने का नाही विरघळला?’ मग नवव्या गोळ्यावर तिने स्वतः स्प्रे मारून पाहिला. अर्धा तास आम्ही तेच करत होतो. सूर्यमालेत तिचं काम तेवढंच. बाकी पिवळे, तांबडे, निळे, सगळे मीच रंगवले.

गुणपत्रिकेत रंगकाम, सुबकता, मांडणी असे तीन रकाने. ‘का विरघळला’ला रकाना नाही. पहिला नंबर आला तो तयार आणलेल्या, दिवे लागणाऱ्या सूर्यमालेचा. त्यातही ग्रह नऊच.

काल काकांनी हाक मारली. ‘नंबर आला का? पुढच्या वर्षी ज्वालामुखी असतो त्यांना. सोडा, लाल रंग सगळं एकत्र येतं. सेट फुटत नाही.’