तलवार नसली तरी ती झुंजच: एका प्रतिक्रियेला उत्तर

बिल्बो आणि स्मॉग ड्रॅगनच्या बोलण्याला मी माझ्या लेखात 'झुंज' म्हटलं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. आधी चूक कबूल करतो: ते बोलणं टोल्किनच्या 'द हॉबिट' या कादंबरीच्या बाराव्या प्रकरणात आहे, मी तेरावं लिहिलं होतं. दुरुस्त केलंय, आभार. पण एका आकड्यावरून "पुस्तक न वाचताच लिहिलंय" असं ठोकून द्यायचं? शाळेत असल्यापासून हे पुस्तक माझ्या उशाशी आहे, पारायणं किती झाली ते मोजणं मी कधीच सोडलं. मतभेद जरूर असावेत. "वाचकांना मूर्ख बनवताय" ही भाषा मात्र मला लागली. समोर बसून बोलत असतो तर तुम्ही हे शब्द वापरले असतेत का?

आता मुद्दा. "तलवार न उपसता कसली झुंज? हा तर अदृश्य होऊन गप्पा मारणारा चोर," असं तुम्ही लिहिलंय. या एका वाक्यासाठीच हे उत्तर लिहितोय.

त्या गप्पा पुन्हा नीट वाचा. स्मॉगला बिल्बो दिसत नाही, पण त्याचा वास येतो, श्वास ऐकू येतो. त्याला अदृश्य करणारी अंगठी इथे अर्धीच कामाची. खरं नाव सांगावं तर ड्रॅगनच्या हाती दुवा लागतो, साफ नकार द्यावा तर तो चिडून तिथेच जाळेल. म्हणून बिल्बो कोड्यांत बोलतो, कारण कोडं सोडवण्याचा मोह कुठल्याच ड्रॅगनला आवरत नाही. हा त्याचा डावपेच आहे, आणि तो अर्धवट फसतोही. स्वतःची बिरुदं सांगण्याच्या भरात 'पिंपावर स्वार होऊन आलेला' असं त्याच्या तोंडून निघून जातं. पिंपांचा व्यापार कोण करतं हे स्मॉगला पक्कं ठाऊक आहे. तो लगेच तळ्यातल्या गावावर बोट ठेवतो आणि त्याच रात्री ते गाव पेटतं. एक शब्द निसटला आणि गाव गेलं! याला तुम्ही टाइमपास म्हणता?

उलटा वार स्मॉगही करतो. बुटक्यांनी कबूल केलेला खजिन्याचा चौदावा हिस्सा मिळाला तरी एवढं सोनं घरी नेणार कसं, वाहतूक कशी, वाटेतल्या पहारेकऱ्यांचं आणि जकातीचं काय, असं तो विचारतो. बिल्बोने याचा विचारच केलेला नसतो, आणि सोबतच्या बुटक्यांबद्दल त्याच्या मनात शंका शिरते. तरीही तो भानावर राहतो. चिलखताची स्तुती करून स्मॉगला पोट दाखवायला लावतो, आणि हिऱ्यांनी मढलेल्या त्या पोटावर छातीच्या डाव्या खळग्यात उघडा पडलेला भाग हेरतो. परतताना एक टोमणा जास्त मारतो आणि टाचा, केस होरपळून घेतो. पुढे हीच खूण थ्रश पक्षी तळ्यातल्या गावच्या बार्ड या धनुर्धराला सांगतो, आणि बार्डचा शेवटचा काळा बाण नेमका तिथे घुसतो. त्याआधीचे सगळे बाण वाया गेले होते. स्मॉगला बार्डने मारलं हे तुमचं म्हणणं खरंच आहे, पण नेम कुठे धरायचा हे त्याला कुणामुळे कळलं?

धाडसाचं म्हणाल तर लेखकाने स्वतःच निवाडा दिलाय. बिल्बो पहिल्यांदा खाली उतरतो तेव्हा बोगद्यात थबकतो, आणि मग पाऊल पुढे टाकतो. खरी लढाई तिथेच, एकट्याने, ड्रॅगन दिसायच्याही आधी लढली गेली असं पुस्तकात स्पष्ट लिहिलंय. माझ्यावर विश्वास नसेल तर निदान पुस्तकावर ठेवा.

"बेओवुल्फ बघा, एकट्याने मारला" हे तर सरळ चुकीचं आहे. जुन्या इंग्रजी काव्यातल्या या राजाने ड्रॅगनशी लढायला लोखंडी ढाल मुद्दाम घडवून घेतली, सोबत अकरा योद्धे नेले. त्यातले दहा रानात पळाले, उरला विग्लाफ. बेओवुल्फची नेग्लिंग तलवार ऐन वेळी मोडली, कारण त्याच्या हाताचा जोर कुठल्याच पात्याला पेलत नसे. ड्रॅगनच्या अंगात खालून तलवार खुपसली विग्लाफने, तेव्हा कुठे आग ओसरली. मग म्हाताऱ्या राजाने कमरेच्या सुऱ्याने काम पुरं केलं आणि तोही मेला. शिवाय तो ड्रॅगन खवळला होता प्याला चोरीला गेल्यामुळे. बिल्बोही आधी प्यालाच उचलतो. चोर तुम्हाला नको असेल तर ही जुनी कथाही सोडून द्यावी लागेल.

नाव लपवणंही जुनंच. नॉर्स दंतकथेतल्या सिगुर्डने खड्ड्यात लपून फाफ्निर या ड्रॅगनच्या अंगात खालून तलवार खुपसली, तरी मरणाऱ्या फाफ्निरने नाव विचारल्यावर तो आधी लपवाछपवीच करतो. मरणाऱ्याला नाव कळलं तर त्याचा शाप बाधतो, अशी समजूत होती. 1968 साली अर्सुला ले ग्विन यांनी 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' या कादंबरीत हेच उलटं फिरवलं: गेड हा जादूगार जुन्या इतिहासावरून ड्रॅगनचं खरं नाव ओळखतो आणि त्या नावाने येवॉडला शपथेत बांधतो. तो मोठा ड्रॅगन तिथे मरतच नाही.

लेखाची लांबी, नावांचं लेखन वगैरे बाकीच्या तक्रारींवर बोलण्यासारखं काही नाही. प्रकरणाचा आकडा बदललाय. 'झुंज' हा शब्द मात्र आहे तिथेच राहील.