लाटणं मोर्चातल्या स्लिपर

काकू, नमस्कार.

दुकानात उभ्याने काम करणाऱ्या मुलींवर उंच टाचेच्या बुटांची सक्ती होते, त्यावर मी या ब्लॉगवर लिहिलं, त्याखाली तुमची प्रतिक्रिया आली. "1972–73 मध्ये महागाईविरुद्ध लाटणी घेऊन आम्ही साध्या स्लिपरवर रस्त्यात उतरलो. कोणाच्या पायात काय आहे हे बघायला कोणाला सवड नव्हती. बायका मतासाठी, शिक्षणासाठी, वारसाहक्कासाठी लढल्या. तुम्ही ती चळवळ सँडलच्या टाचेपर्यंत खाली आणलीत. शिवाय हौसेने हील्स घालणाऱ्या पोरींना नावं ठेवलीत." मृणालताई गोरे आणि अहिल्याताई रांगणेकरांच्या मागून चाललेल्या बाईचे हे शब्द आहेत, म्हणून उत्तर सविस्तर देते.

आधी माझी चूक. उंच टाच बायकांना जखडून ठेवायलाच निघाली, असं मी ठोकून दिलं होतं. ते खोटं आहे. रिकिबीत पाय घट्ट बसावा म्हणून इराणचे घोडेस्वार टाचेचे जोडे घालत. सतराव्या शतकात युरोपातले सरदार ते मिरवू लागले. फ्रान्सचा चौदावा लुई तर लाल टाचांचे घाले. अठराव्या शतकात पुरुषांनी टाच टाकली आणि बायकांकडे ती राहिली. लेखातलं ते वाक्य आज काढलं आहे.

पण पायताणाचा विषय हलका, हे मात्र मला पटत नाही. 'पायातली वहाण पायातच बरी' ही म्हण आपल्याकडे कोणासाठी वापरली गेली? माझी आजी ती ऐकतच सासरी नांदली. पारावर वडीलधारे बसलेले दिसले की ती चपला हातात घेऊन पुढे जायची, उन्हाळ्यातसुद्धा. दलितांना तर कितीतरी गावांत सवर्णांच्या आळीतून वहाणा घालून जायचीच बंदी होती. 1927 च्या डिसेंबरात महाडला मनुस्मृती जाळली गेली, त्याच परिषदेत बाबासाहेबांनी जमलेल्या बायकांना सांगितलं की लुगडं नेसायची पद्धत बदला, जात ओळखू येईल असे दागिने टाका. चवदार तळ्याचं पाणी मोठं आणि लुगड्याचा काठ लहान, अशी वाटणी त्यांनी केली नाही. मग मी का करू?

आता माझं सांगते. नौपाड्यात एका दुकानात मी सहा वर्षं काउंटरवर होते. सकाळी साडेदहा ते रात्री साडेआठ. मुलींनी दोन इंच टाचेचे काळे बंद बूट घालायचे, पुरुष सेल्समननी सपाट. स्टूल कोणालाच नाही. गिऱ्हाईक नसताना भिंतीला टेकलं तरी बोलणी बसत. टाच उचलली की अंगाचा भार चवड्यावर येतो आणि पोटऱ्या आखडतात, हे मला डॉक्टरने सांगायच्या आधी ठाणे स्टेशनच्या जिन्याने सांगितलं होतं. लेडीज डब्यात शिरले की पहिलं काम बूट काढून पिशवीतली स्लिपर घालायचं. डब्यात माझ्यासारख्या आणखी पाच-सहा जणी असत.

म्हणून केरळातल्या कोळिकोडच्या बायकांबद्दल वाचलं तेव्हा मी रडले होते. तिथल्या दुकानांत काम करणाऱ्या बायका कार्यकर्त्या विजी यांच्याबरोबर एकत्र आल्या. आधी त्यांनी शौचालय मागितलं आणि मग बसायला जागा. उभ्याने काम करणाऱ्यांना बसायची सोय हवी, असा बदल केरळने 2018 मध्ये दुकानांच्या कायद्यात केला, तमिळनाडूने 2021 मध्ये. काकू, ही मागणी वारसाहक्काच्या खालच्या पायरीवरची वाटते का तुम्हाला? दिवसभर उभी राहणारी बाई संध्याकाळी कोणत्या सभेला जाणार?

जपानमध्ये 2019 साली युमी इशिकावा यांनी, नोकरीत बायकांवर टाचेच्या बुटांची सक्ती नको, असा अर्ज सरकारकडे दिला. हजारोंनी त्यावर सह्या केल्या. जपानीत 'कुत्सु' म्हणजे बूट आणि 'कुत्सू' म्हणजे वेदना. एका ऱ्हस्व-दीर्घाचा फरक. मोहिमेचं '#KuToo' हे नाव त्यावरून आणि '#MeToo' वरून आलं.

हौसेचं म्हणाल, तर तुमचा राग रास्त आहे. माझी भाची लग्नाला घालायला राम मारुती रोडवरून चार इंची हील्स घेऊन आली. छान दिसत होती. जेवणाच्या पंगतीत तिने त्या खुर्चीखाली सरकवल्या आणि नंतर अनवाणी नाचली. तिचा पगार त्यासाठी कोणी कापला नाही. मुद्दा एवढाच होता आणि तो मला नीट मांडता आला नाही.

एक विनंती आहे. त्या मोर्चाबद्दल या ब्लॉगवर तुम्ही लिहा. किती चाललात, कोण कोण बरोबर होत्या, कोणाच्या स्लिपरचा पट्टा तुटला आणि मग तिने काय केलं, तेही लिहा. टाइप करायला जड जात असेल तर फोनवर सांगा, मी उतरवून घेईन. रविवारी दुपारी मी घरीच असते.