"टाकून दे गं, सगळं यूट्यूबवर आहे"

सकाळपासून डोकं फिरलंय. आमची नौपाड्यातली बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीय, महिनाअखेर घर रिकामं करायचंय, म्हणून माळा उतरवायला घेतला. पाटा-वरवंटा, पितळी बंब, आणि त्यामागे पिशवीत गुंडाळलेली, क्वीन या ब्रिटिश रॉक बँडच्या कॉन्सर्टची व्हिडिओ कॅसेट. वेम्बली स्टेडियम, जुलै 1986. स्टुलावरूनच पुण्याला दादाला फोन लावला. तर म्हणतो, "टाकून दे गं, सगळं यूट्यूबवर आहे."

हे दादाने म्हणावं?

1992 ची मे महिन्याची सुट्टी. क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरीला जाऊन सहा महिने झाले होते. दादाच्या मित्राच्या मामांनी ही कॅसेट लंडनहून आणली. तिकडेही व्हिडिओची 'पाल' (PAL) पद्धत, इकडेही पाल, म्हणून आपल्या व्हीसीआरवर चालली. अमेरिकेतून आली असती तर नुसत्या काळ्यापांढऱ्या पट्ट्या बघत बसलो असतो. व्हीसीआर एका रात्रीच्या भाड्याने आणलेला, त्यावरून आई आधीच चिडलेली. दादा तिला म्हणाला, "अगं, आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलाय हा. पारशी आहे, बलसारा." आई पदराला हात पुसत टेकली, ती उठलीच नाही.

आणि ऐन 'रेडिओ गा गा'ला टेप अडकली.

त्या गाण्याचा 1984 चा व्हिडिओ आठवतोय ना? मधे मधे 1927 च्या 'मेट्रोपोलिस' सिनेमाची दृश्यं, आणि रांगेत उभी माणसं डोक्यावर हात नेऊन टाळ्या वाजवतात. दोन वर्षांनी वेम्बलीत अख्खं मैदान, कोणी न सांगता, त्याच टाळ्या वाजवतं. हजारो हात वर गेले आणि पडद्यावर मुंग्या. दादाने स्क्रू काढून कॅसेट उघडली. चुरगळलेली चार बोटं टेप आईच्या कात्रीने कापली आणि दोन्ही टोकं सेलोटेपने जोडली. श्वास रोखून. आम्ही सगळे त्याच्या बोटांकडे बघत होतो. तेव्हापासून आमच्या कॅसेटमध्ये हात वर जातात आणि खाली यायच्या आत चित्र उडी मारतं. तीन सेकंद गेली ती गेलीच.

यूट्यूबवर ती उडी नाही. मी आजही तिथे आले की थांबते, आणि गाणं सरळ पुढे निघून जातं. मला ते खोटं वाटतं.

मान्य, तिथे चित्र स्वच्छ आहे, आवाज चांगला आहे. आमच्या कॅसेटमध्ये बरीच गाणी कापलेली होती, ती 2003 च्या डीव्हीडीत आली, तेही मान्य. पण बघतं कोण? चाळीस सेकंदांचा तुकडा, अंगठा वर, पुढचा तुकडा. कॉन्सर्ट अशी बघतात? कोणी अख्ख्या जेवणावळीतून एक लोणच्याची फोड उचलून "जेवलो" म्हणतं का? आम्ही पहिल्या गाण्यापासून फ्रेडी मुकुट घालून येतो तिथपर्यंत एका सतरंजीवर बसलो होतो. शेजारचे काका दारात उभे राहून बघत होते. रात्रीचे दोन वाजले होते आणि सकाळी व्हीसीआर परत द्यायचा म्हणून दादाने पुन्हा रिवाइंड केलं. पुन्हा ती उडी आली. तेव्हा आई हसली.

असल्या वस्तू रद्दीत टाकायच्या नसतात. जागा नसली तरी नसतात.

आता रात्री लिहिताना वाटतंय, दादावर जरा जास्तच ओरडले. त्याचंही दोन खोल्यांचं घर, त्यात पोरांचा पसारा. पण ज्याने तो जोड दिला त्याच्याच तोंडून "टाकून दे" ऐकवलं नाही.

कॅसेटच्या खिडकीतून टेपवर पांढरी बुरशी दिसतेय. ठाण्याचे तीसेक पावसाळे बघितलेत तिने. अशीच लावली तर व्हीसीआरचं हेडही खराब होईल, म्हणून आधी साफ करून घ्यायचीय. ठाणे, कळवा, वाशी, कुठेही कोणाकडे चालू व्हीसीआर असेल किंवा बुरशी काढून देणारं माणूस माहीत असेल तर कमेंटमध्ये सांगा. मी स्वतः येईन. फक्त त्यांना आधीच सांगायचंय की मधला सेलोटेपचा जोड सुटला तर तिथेच, तसाच परत लावा.