हेडविगला कोंडलं होतं म्हणे!

जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतातल्या लांड्सहूट गावात दर चार वर्षांनी १४७५ च्या एका लग्नाची वरात थाटात निघते. नवरी पोलंडची राजकन्या हेडविग, म्हणजे माहेरची यादविगा. नवरा तिथल्या ड्यूकचा मुलगा गेओर्ग. या लग्नाबद्दल एक करुण मजकूर सतत फिरत असतो: बारा वर्षांची पोर परक्यांत दिली, हुंडा खिशात घातला, मुलगा झाला नाही म्हणून बुर्गहाउझेनच्या किल्ल्यात कोंडली, तिथेच ती झुरून मेली.

‘बारा वर्षांची.’ हेडविगचा जन्म १४५७ चा, लग्न १४ नोव्हेंबर १४७५ ला. म्हणजे ती अठराची, नवरा विशीतला. बारा वर्षांची यादविगा वेगळीच: पोलंडची राणी, जिचं लग्न १३८६ मध्ये झालं. नाव एक, मधे नव्वद वर्षं.

‘परक्यांत दिली.’ दूर दिली, हे खरं. क्राकूहून विटेनबर्गमार्गे आलेली ती वाट ऐन पावसाळी शरदातली होती. पण नातं बघा. हेडविगची आई एलिझाबेथ हाब्सबुर्ग घराण्यातली. या एलिझाबेथच्या वडिलांची सख्खी बहीण मार्गारेटे याच लांड्सहूटच्या घरात दिलेली होती, आणि गेओर्गची ती आजी. म्हणजे सासरा आणि नवरीची आई आतेमामे भावंडं. इतक्या जवळच्या नात्यात लग्नाला पोपची खास परवानगी लागायची.

‘हुंड्यासाठी लग्न.’ इथे दोन नाण्यांची गल्लत होते. डिसेंबर १४७४ मध्ये राडोमला झालेल्या करारात हुंडा ठरला ३२,००० हंगेरियन गुल्डन, तोही पाच वर्षांत द्यायचा. लग्नाचा खर्च नोंदलाय ऱ्हाइनच्या गुल्डनमध्ये: ६०,७६६. हंगेरियन नाणं साधारण एकतृतीयांशाने भारी धरलं, तरी हुंडा बेचाळीस-त्रेचाळीस हजारांच्या पुढे जात नाही. मांडवखर्चही निघाला नसता! (३२३ बैल, ४०,००० कोंबड्या आणि १,९४,३४५ अंडी. अंडीसुद्धा मोजून लिहिणारा कारकून कौतुकाला पात्र आहे.)

‘किल्ल्यात कोंडली.’ कहाणीचा कणा हाच, आणि सगळ्यात कच्चाही हाच. बुर्गहाउझेन म्हणजे अंधारकोठडी नव्हे. हजार मीटरहून लांब पसरलेला, सहा चौकांचा किल्ला तो. ड्यूकांचं हे दुसरं राहतं ठाणं, त्यांचा खजिनाही इथेच. कारभार लांड्सहूटला आणि डचेसचा संसार, मुलंबाळं, नोकरचाकर बुर्गहाउझेनला, ही या घराची रीतच होती. आजेसासू मार्गारेटे इथेच राहिली आणि १४४७ मध्ये इथेच वारली. सासू अमालियाही इथेच होती. १४७९ मध्ये नवरा गेल्यावर ती माहेरी सॅक्सनीला परतली. मग तीन पिढ्यांच्या सुना कैदी म्हणायच्या का? या किल्ल्यात खराखुरा कैदी होता तो इंगोलश्टाटचा ड्यूक लुडविग. तो १४४७ मध्ये बंदिवासातच मेला. कोठडी त्याची, दुःख हेडविगच्या नावावर.

गेओर्ग तिच्याजवळ फारसा नसायचा, हे मात्र खरं. पण वेगळं राहणं म्हणजे हद्दपारी नव्हे. १५०२ मध्ये ती वारली तेव्हा तिला राइटेनहास्लाखच्या मठात पुरलं. आजेसासूही तिथेच आहे.

‘मुलगा दिला नाही.’ तीन मुलगे झाले. जगला एकही नाही. एलिझाबेथ आणि मार्गारेटे या दोन मुली वाढल्या. यावर गेओर्गने काय केलं? घराण्याच्या करारांप्रमाणे राज्य पुरुष वारसालाच, म्हणजे म्युनिकच्या भाऊबंदांना जायचं. त्याने १४९६ मध्ये मृत्युपत्र केलं आणि ते हेडविगच्या मुलीच्या, एलिझाबेथच्या नावे केलं. १५०३ च्या डिसेंबरात तो गेला आणि भाऊबंदकीचं युद्ध पेटलं. १५०४ च्या ऑगस्टमध्ये एलिझाबेथचा नवरा मेला, सप्टेंबरात ती स्वतः. तिच्या पोरक्या मुलांसाठी १५०५ मध्ये नॉयबुर्गचं छोटं राज्य तोडून दिलं. बाकीचं बहुतेक सगळं म्युनिककडे गेलं, आणि मध्यस्थी करणाऱ्या जर्मन राजा माक्सिमिलियानने कूफश्टाइन शहर स्वतःसाठी ठेवलं.