मनपा शाळेतली पोरं आणि तो फॉरवर्ड

जळगाव-धुळ्याच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरून राहिलाय. मनपा शाळेतल्या पोरांना कितीही शिकवा उपयोग नाही, पालकांनाच पडलेली नसते, समता म्हणजे सगळ्यांना सारखं शिकवणं, कच्च्या पोरांना जादा लक्ष देणं हा हुशारांवर अन्याय, आणि पोरांना प्रश्न विचारायला शिकवलं की ती डोक्यावर बसतात. मी अशाच शाळेत शिकवतो, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पालकांना पडलेली नसते? आई डाळ मिलमध्ये, बाप एमआयडीसीत, आणि मीटिंग ठेवायची सकाळी ११ ला, म्हणजे यायचं तर दिवसाची मजुरी गेली. तीच मीटिंग संध्याकाळी वस्तीत घ्या, बसायला जागा उरत नाही. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश पालक लागतात आणि निम्म्या बाया, पण किती ठिकाणी त्यांना खरंच बोलू देतात ते बघा एकदा.

पोरं मठ्ठ असतात हे तर अजिबात पटत नाही. घरी अहिराणी, तावडी, नाहीतर सातपुड्यातून आलेल्या घरात पावरी, भिली, आणि शाळेत पहिल्या दिवसापासून पुस्तकी मराठी. पोरगं "माले समजनं नही" म्हणालं की वर्ग हसतो, कधी कधी सरही हसतात, मग ते वर्षभर तोंड उघडत नाही आणि आपण म्हणतो कच्चं आहे. तेच गणित बाजारातल्या भावावर त्याच्या बोलीत विचारा, फटकन सांगतं. शिक्षण जमेल तितकं मातृभाषेतून द्यावं हे आरटीईच्या कलम २९ मध्येच आहे.

आता सारखं शिकवायचं म्हणजे काय ते नीट बघू. पाचवीत एकाला धडा वाचता येतो, दुसरा अजून जोडाक्षरात अडकलाय, आणि दोघांना एकच धडा एकाच वेगाने, तर दुसऱ्याला त्या तासात काहीच मिळालं नाही ना! मुंबई आणि वडोदऱ्यात 'प्रथम' संस्थेने बालसखी हा प्रयोग केला होता, वस्तीतल्याच शिकलेल्या मुली तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या पोरांना रोज वेगळं बसवून पायापासून शिकवायच्या. त्याचा अभ्यास २००७ मध्ये छापून आला, अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो हे अर्थशास्त्रज्ञ त्यात होते, ज्यांना २०१९ मध्ये नोबेल मिळालं. सगळ्यात मागची पोरं सगळ्यात जास्त पुढे सरकली, आणि वर्गात राहिलेल्यांचं नुकसान झालेलं दिसलं नाही. मग अन्याय कोणावर झाला? आणि मला राग याचा येतो की पैसे भरून ट्यूशन लावली, घरी मास्तर बोलावला, ते जादा लक्ष कोणालाच खटकत नाही, शाळेने फुकट दिलं की लगेच अन्याय आठवतो.

राहिला मुद्दा प्रश्न विचारण्याचा. मुलाला भीतीपासून मुक्त ठेवा, मोकळेपणी मत मांडू द्या, हेही आरटीईच्या त्याच कलम २९ मध्ये आहे, आमच्या मनाचं नाही. आमच्या सातवीच्या पोरींनी मुलींच्या संडासात पाणी का नाही म्हणून मुख्याध्यापकांना अर्ज लिहिला, सगळ्यांनी सह्या केल्या, पाठपुरावा केला, आणि नळ जोडला गेला. ज्या पोरी दर महिन्याला चार दिवस घरी बसायच्या त्या आता शाळेत असतात. यात उद्धटपणा कुठे आहे ते मेसेज पाठवणाऱ्याने मला सांगावं.